वाढलेलं ताट

डॉक्टरांनी काचेची नळी चिमट्यात धरली आणि स्पिरिटच्या दिव्यावर सावकाश फिरवली. लघवीचे थेंब टाकलेलं आतलं निळं पाणी उकळलं, बुडबुडे वर आले, पण रंग काही बदलला नाही.

"वा, खुशालराव!" डॉक्टर म्हणाले. "मागल्या वर्षी हीच नळी विटेसारखी लाल झाली होती. आज साखरेचं नाव नाही. गोड अगदी बंद केलेलं दिसतंय."

"बोट लावत नाई साहेब," खुशालराव खुर्चीत सैलावून बसले. "आमची बाई, म्हंजे थोरली बहीण, रोज ताटात गोड वाढते, वरून तुपाची धार सोडते. पण मी तिकडं पाहतबी नाई."

"वाढतात? मग ते जातं कुठं?"

"माही माय खाते."

"आई आहेत का तुमच्या? मग त्यांनाही तपासायला हवं. हा आजार घराण्यात उतरतो. वय काय त्यांचं?"

"दहा," असं म्हणून खुशालराव मोठ्यानं हसले आणि मागं उभ्या असलेल्या पोरीचा हात धरून त्यांनी तिला पुढं ओढलं. "हे पाहा माही माय!"

डॉक्टरही हसले. दाराशी उभी असलेली कौशल्या मात्र हसली नाही. नवऱ्याचा हा विनोद तिनं पुष्कळदा ऐकला होता. सासूबाईंचं नाव पंचफुला. त्या गेल्या आणि पुढच्याच पावसाळ्यात ही मुलगी झाली, म्हणून हिचंही नाव पंचफुला ठेवलं. घरात, गल्लीत, शाळेत सगळे तिला फुला म्हणत. बाप मात्र 'माय' म्हणे. मायचं नाव घेऊन कसं बोलवायचं, असं त्यांचं म्हणणं होतं.

"इकडे ये बेटा," डॉक्टर म्हणाले. फुला दोन्ही हातांनी परकर सावरत पुढं गेली. तेवढ्या चालण्यानंही तिला धाप लागली. डॉक्टरांनी तिची वेणी बाजूला केली आणि त्यांचं हसू थांबलं. मानेच्या मागं, एका कानापासून दुसऱ्या कानापर्यंत, जाडसर काळा पट्टा होता. त्याच्या कडा लाल झाल्या होत्या.

कौशल्या लाजेनं अर्धी झाली. "रोज घासते जी मी. बेसनानं घासलं, दह्यानं घासलं, मंग वजरी घेतली. मळ निघतच नाई."

"हा मळ नाही. घासू नका, कातडं सोललंय पोरीचं." डॉक्टरांनी पट्ट्यावर बोट टेकवलं, मग खुशालरावांकडे वळले. "जरा कॉलर खाली करा."

खुशालरावांच्या मानेवरही तसाच पट्टा होता.

"मायचीबी मान अशीच होती," खुशालराव म्हणाले. त्यांच्या आवाजात अभिमान होता. "आमच्या घराण्याची खूण आहे साहेब ते."

डॉक्टरांनी पुन्हा एकदा पोरीची मान पाहिली. मग हळू म्हणाले, "याचं कारण मला पुस्तकात सापडलेलं नाही. पण साखरेच्या बऱ्याच रोग्यांच्या मानेवर मी हे पाहिलंय. एवढ्या लहान पोरीच्या मानेवर मात्र आजच पाहतोय. आज तिला आजार नाही. पण अंग असंच वाढत गेलं, तर पुढं तिलाही तुमचाच आजार जडेल. हिचं गोड, तूप कमी करा. पळू द्या, खेळू द्या."

कौशल्येला खूप काही विचारायचं होतं. पण दाराशी पुढचा रोगी खोकत उभा होता.

अमरावतीच्या मोटारअड्ड्यावर खुशालरावांनी पेढे घेतले. नळी निळी निघाल्याचे पेढे. त्यांनी स्वतः एकही खाल्ला नाही. फुला खिडकीशी बसून पुडा मांडीवर घेऊन खात होती. दर्यापूर येईपर्यंत पुडा रिकामा झाला आणि ती बापाच्या मांडीवर झोपली.

कौशल्या वाटभर सासूच्या पायाचा विचार करत होती. त्यांनाही साखरेचाच आजार होता; तुराटीचं, तुरीच्या वाळल्या काडीचं, खुंट अंगठ्यात घुसलं होतं, एवढंच निमित्त. अंगठा काळा पडला, मग पाऊल. अकोल्याच्या दवाखान्यात गुडघ्याखालून पाय कापला, तरी ते चढतच गेलं. त्या पायाच्या पट्ट्या कौशल्येनं बदलल्या होत्या. तेव्हा ती नुकती लग्न होऊन आली होती. त्या वासानं तिला जेवण जात नसे. आता तोच पाय तिला मांडीवर झोपलेल्या पोरीच्या परकराखाली दिसू लागला आणि तिनं मान फिरवून बाहेरच्या काळ्या रानाकडे पाहिलं.

घरी चूल चतुराबाईंच्या हातात होती. चतुराबाई म्हणजे खुशालरावांची मोठी बहीण. फुलाच्या वयाची असतानाच तिचं कुंकू पुसलं गेलं आणि ती माहेरी परत आली ती कायमची. धाकट्या भावाला तिनंच अंगाखांद्यावर वाढवलं. शेताच्या कामात तिला कोणी विचारत नसे, सणावाराला ती पुढं येत नसे. पण चुलीपाशी तिचा शब्द शेवटचा होता. तिच्या हातचे मांडे खायला अंजनगावाहून पाहुणे येत.

तिचे दोन नियम होते. घरधन्याचं ताट गोडाशिवाय आणि तुपाशिवाय वाढायचं नाही, कारण तसं ताट सुतकात वाढतात. आणि एकदा वाढलेलं परत भांड्यात घ्यायचं नाही. खुशालरावांना साखरेचा आजार निघाला तेव्हा या दोन नियमांचं काय करायचं असा प्रश्न आला, आणि तो खुशालरावांनीच सोडवला. फुला त्यांच्या ताटाशी बसे. ते आपला गोडाचा वाटा तिच्याकडे सारत. बहिणीचा मान राहिला, डॉक्टरांचं पथ्य राहिलं, वाढलेलं वाया गेलं नाही. सगळ्यांना ते फार छान वाटलं. खरं सांगायचं तर कौशल्येलाही वाटलं होतं.

"डॉक्टरले काय समजते?" डॉक्टरांचं सांगणं ऐकून चतुराबाई म्हणाल्या. "खात्यापित्या घरची पोट्टी अशीच दिसते. उद्या हे वाळली ना, तर लोक म्हणतीन, सावत्र मायपाशी आहे."

"बाई, सासूबाईचं काय झालं ते तुमी पाह्यलं ना?"

"पाह्यलं," एवढंच म्हणून चतुराबाई चुलीत फुंकर घालायला वाकल्या.

दुसऱ्या दिवशी कौशल्येनं फुलाचं ताट बापाच्या ताटापासून दूर मांडलं. भाकर, अंबाडीची भाजी, तूप न घातलेलं वरण. फुला ताटासमोर बसून राहिली.

"तूप?"

"नाई."

"सांजोरी?"

"ते नाई आज. भाकर खा, साजरी भाजी आहे."

फुलानं ताटाकडे पाहिलं, बापाकडे पाहिलं, आत्याकडे पाहिलं. तिचा आवाज अगदी बारीक झाला. "आई, मी मरून राहिली का?"

"काय बोलते व बयाडे!"

"आजीलेबी असंच वाढत होते ना? आत्यानं सांगतलं. येगळं ताट. अन् मंग ते मेली."

मग खुशालराव उठले, आपलं ताट घेऊन पोरीशेजारी जाऊन बसले आणि आपल्या ताटातली गोड सांजोरी मोडून त्यांनी तिच्या तोंडात घातली. "कोणी मरत नाई माय. खा. खा तू." कौशल्येकडे त्यांनी अशा नजरेनं पाहिलं की ती स्वयंपाकघरातून उठूनच गेली.

त्यानंतर फुलाचं पथ्य हे घरातलं एक नाटक झालं. ताटात कौशल्या कोरडं वाढे, आणि कोरडं वाढलं म्हणून सगळे पोरीची कीव करत. सकाळी बाप बैलांच्या दमणीत बसवून शेतात नेई आणि वाटेत बाजारातून काहीतरी घेऊन देई. दुपारी आत्या हळूच हातावर गूळ-दाणे ठेवी. कपडे धुताना कौशल्येला परकराच्या ओच्यात गुळाचा चिकट डाग सापडे. पूर्वी फुला समोर बसून खायची. आता ती दाराआड, पाठ करून, भराभरा खायला शिकली. ते पाहून कौशल्येला वाटे, हे मी शिकवलं तिला.

शाळेत तिचं नाव 'गठाण', म्हणजे कापसाचा गच्च दाबलेला गठ्ठा, पडलं होतं. कापसाच्या मुलखातली पोरं. फुला खेळायला गेली की ती ओरडत, "गठाण आली रे, जिनात न्या, जिनात न्या!" फुलानं खेळणं सोडलं. घरी आली की ती थेट आत्याकडे जाई, आणि आत्या डोळे पुसून काहीतरी खायला देई. रडण्यावर त्या घरात तेवढंच औषध होतं.

एकदा दुपारी दोघी नणंद-भावजय तुरीची डाळ पाखडत बसल्या होत्या. पाखडता पाखडता कौशल्येनं बोलणं काढलं. "बाई, तुमी तिले चोरून देता. मी पाह्यलं."

"देतो. चोरून कायले? उघड देतो."

"काऊन पण? तुमचा जीव आहे ना तिच्यावर?"

चतुराबाईंचा हात थांबला. "कौसल्ये, तुले ठाऊक नाई. मायचे शेवटचे दिवस होते. दिवाळी होती. मी पुरण वाटून राहिली होती. ते बाजीवरून पाहे. म्हणे, चतुरे, बोटभर दे. अव, बोटभर. मी म्हटलं, डॉक्टरनं नाई सांगतलं. तिनं तोंड भितीकडं केलं. दोन दिसानं गेली." त्यांनी सूप पुन्हा उचललं. "आता त्या नावाच्या माणसाले मी नाई म्हणणार नाई. तुले वाटते ते तू कर."

सासूचा पाय कौशल्येला आठवत होता, नणंदेला सासूचं तोंड. दोघींचं खरं होतं.

तरीही गप्प बसणं तिला जमेना. खुशालराव ओसरीवर पटका बांधत होते तेव्हा ती त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिली.

"आयकलं का? तुमची साखर गेली नाई."

"डॉक्टरनं तुह्यासमोर सांगतलं ना! नळी निळी होती."

"नळी निळी होती, कारण तुमचं सारं फुलाच्या पोटात जाते. तुमचा आजार बरा नाई झाला, इकडून तिकडं सरकला. बापानं लेकराले शेत द्यावं, घर द्यावं. तुमी काय देऊन राहिले?"

खुशालरावांचा पटका अर्धाच राहिला. "मंग मी काय करू? बाईले नाई म्हणू? तिनं मले वाढवलं."

"नका म्हणू. मंग वाढलेलं तुमीच खा."

"मी खाऊ? मरू का मी?"

"मंग तिनं मरावं?"

खुशालराव पायऱ्या उतरले. दमणी जुंपलेली होती, पण गड्यानं हाक मारली तरी ते तिच्यात बसले नाहीत. तसेच पायी निघून गेले.

अखजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, आली. त्या दिवशी गेलेल्या माणसांच्या नावानं घागर भरतात, आणि गेलेल्याच्या जागी कोणाला तरी पितर म्हणून बोलावून जेवू घालतात. दरवर्षी सासूच्या नावानं गल्लीतली एखादी म्हातारी यायची. या वर्षी चतुराबाईंनी सकाळीच सांगून टाकलं, "पितर म्हणून फुला बसीन."

घागर न्यायला आलेली शेजारची सुंदराबाई चपापली. "लेकराले पितर बसवत नसतात व बाई. साजरं नाई दिसत."

"नाव तिचं आहे. रूप तिचं आहे. दुसरी कोण बसीन?" चतुराबाई म्हणाल्या.

कौशल्येनं नवऱ्याकडे पाहिलं. खुशालराव खाली पाहत होते.

फुलाला नवा परकर नेसवून पाटावर बसवलं. ताटात काय नव्हतं? मांडे होते, आंब्याचा रस होता, कुरडया, भजी, वडे, कढी, आणि मधोमध वाटीभर पुरण. चतुराबाईंनी तूप सोडलं ते ताटाच्या कडेपर्यंत गेलं. मग त्या पोरीसमोर हात जोडून बसल्या. "मायवं, खा. तुही इच्छा राहून गेली होती. आता काही मागं ठेवू नको."

फुला खाऊ लागली. आधी तिला गंमत वाटत होती, नवा परकर, सगळ्यांचे जोडलेले हात. तिनं मांडा खाल्ला, रस प्याला. ताटातलं सरलं की चतुराबाई वाढत. पितर उठल्याशिवाय घरात कोणी जेवत नाही, हे तिला माहीत होतं. आणि आत्याच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, ते थांबेपर्यंत खायचं असतं असं तिला वाटलं असावं. तिच्या कपाळावर घाम आला. तोंड लाल झालं. ती पुरणाची बोटं चाटेनाशी झाली, नुसती गिळू लागली.

"बाई, झालं तिचं," कौशल्या म्हणाली.

"पितराच्या जेवणात बोलू नको."

फुलाचा हात ताटातच थांबला. तिनं मान वर केली आणि बापाकडे पाहिलं. काही मागत नव्हती. उठू का, एवढंच विचारत होती, आणि तेही विचारायची तिला भीती वाटत होती.

"बाई, बस कर," खुशालराव म्हणाले.

"पितराले बस म्हणते का कोणी?"

"हे पितर नाई!" खुशालरावांचा आवाज फाटला. "हे माही पोरगी आहे. फुला आहे हे. माय गेली, बाई. आपण कितीबी वाढलं, तरी तिच्या तोंडात जात नाई. हिच्या तोंडात जाते."

बापाच्या तोंडून आपलं नाव फुलानं कधी ऐकलं नव्हतं. ती घाबरून उठली, अंगणापर्यंत पोचली आणि तिथं ओकली. कौशल्येनं धावत जाऊन तिचं कपाळ धरलं. आत परत येताना तिनं पाहिलं, खुशालराव ते ताट उचलून गोठ्याकडे चालले होते. त्यांनी ते गायीपुढं रिकामं केलं.

चतुराबाई बसल्या जागेवरून हलल्या नाहीत. "माह्या मायचं ताट उचललं तू," एवढंच म्हणाल्या.

त्यानंतर त्या चुलीपाशी गेल्या नाहीत. ओसरीच्या कोपऱ्यात भिंतीला टेकून बसत, दिलं तर चार घास खात, नाहीतर नाही. घरावर सुतक आल्यासारखं झालं.

कौशल्येनं आता सगळ्यांसाठी एकच स्वयंपाक केला. वेगळं ताट नाही, वेगळा वाटा नाही. भाकर, भाजी, पातळ वरण. तूप फक्त सणाला. तिला वाटलं होतं, आता सुरळीत होईल. पण झालं भलतंच. खुशालरावांना इतके दिवस गोड सोडणं सोपं गेलं होतं, कारण ते समोर येत होतं आणि ते आपल्या हातानं देऊन टाकत होते. देण्यातच त्यांचं पोट भरायचं. आता ताटात देण्यासारखं काही नव्हतं, तर ते चिडचिड करू लागले. "हे काय सालदार गड्याचं जेवण," म्हणाले. सकाळी ते फुलाला पायी शेतात नेऊ लागले. पण दमणी मागं रिकामी चाले आणि बापलेक पुढं घामाघूम होऊन चालत, हे पाहून लोक थट्टा करत. "काय खुशालराव, बैल बिमार आहेत का?" एकदा फुला वाटेतच बसली आणि रडून म्हणाली, मला परत न्या. त्यांनी तिला उचलून घ्यायचा प्रयत्न केला. त्यांना ती उचलवली नाही. घरी आल्यावर ते नुसते आपले हात पाहत बसले.

आणि फुला आईवर रुसली होती. कौशल्येनं वाढलेली भाकर ती चिवडे, अर्धी टाकून उठे. पोर उपाशी राहील या भीतीनं कौशल्येचाच धीर सुटत चालला. डबा उघडून द्यावं का काही गोड, असं मनात येऊन ती एकदा शिंकाळ्यापर्यंत गेलीसुद्धा.

शेवटी ती ओसरीवर नणंदेसमोर जाऊन बसली.

"बाई, चुलीपाशी या."

"कायले? तुह्या भाजी-भाकरीले माह्या हाताचं काय काम?"

"तीच भाकर मी वाढली तर तिले शिक्षा वाटते. तुमी वाढली तर जेवण वाटीन."

चतुराबाईंनी तोंड रस्त्याकडे फिरवलं. कौशल्या उठली नाही. समोर रस्त्यावरून एक बैलगाडी गेली, धूळ खाली बसली.

"कौसल्ये," चतुराबाई म्हणाल्या, "मी तिले मंग काय देऊ? माह्याजोळ दुसरं काय आहे?"

कौशल्या म्हणाली, "मलेबी नाई समजत. पण तुमी नसल्या तर मले एकटीले हे होत नाई. अन् एक मागतो. मागून एकट्या नका जेवू. आमच्या पंगतीत बसा. सारे एकच खाऊ."

दुसऱ्या दिवशी कौशल्या विहिरीवरून आली तेव्हा चूल पेटलेली होती आणि भाकरी थापल्याचा आवाज येत होता. चतुराबाईंनी अंबाडीला लसणाची फोडणी दिली होती. वरण पातळच होतं, पण त्याला चिंचेचा आणि भाजलेल्या मिरचीचा असा वास होता की खुशालराव न बोलावताच येऊन बसले. चार ताटं मांडली. चौथ्या ताटावर चतुराबाई अंग चोरून बसल्या. इतक्या वर्षांत त्या कधी कोणाबरोबर जेवल्या नव्हत्या. कोणाकडे न पाहता त्या जेवत होत्या.

फुलानं भाकर खाल्ली. भाजी पुसून खाल्ली. आणि तिची नजर मधल्या भाकरीच्या टोपलीकडे गेली.

चतुराबाईंचा हात सवयीनं टोपलीकडे गेला, आणि तिथंच थांबला. त्यांनी कौशल्येकडे पाहिलं. कौशल्येला काय सांगावं कळेना. पोर चालून आली होती, खरीच भुकेली असेल. नसेलही. द्यावं म्हटलं तर पुन्हा तेच, देऊ नये म्हटलं तर पुन्हा तेच दुसऱ्या बाजूनं. खुशालरावही घास हातात धरून थांबले.

"फुले," चतुराबाई म्हणाल्या, "भूक आहे का अजून?"

त्या घरात आजवर 'आणखी देऊ का' असं विचारत. किंवा विचारतही नसत, वाढत. फुलानं आत्याकडे पाहिलं. मग खाली मान घालून पोटावर हात ठेवला, जणू तिथं काही सापडतं का ते पाहत होती. बराच वेळ ती तशी बसली. मग तिनं विचारलं,

"ते कसं समजते, आत्या?"

खुशालरावांनी मान खाली घातली.

"मले नाई ठाऊक बाई," चतुराबाई म्हणाल्या. "मले कोणी विचारलंच नाई कधी." त्यांनी टोपलीवर फडकं टाकलं, पण ती उचलून ठेवली नाही. "थांब जराशी. आपण समदेच थांबू. पाहू काय वाटते ते."

चौघंही तशीच बसून राहिली, उष्टे हात ताटाच्या कडेला टेकवून. फुला डोळे मिटून पोटाकडे लक्ष देत होती.